एकोणीस फुल्या

बायकोला हे ठाऊक नाही. आमच्या पाळकांना नाही. प्रार्थनेत डोळे मिटून बसतो तेव्हाही मी हा विषय काढत नाही — जणू मी सांगितल्याशिवाय वरच्याला कळणारच नाही! आज पहिल्यांदाच हे बाहेर पडतंय, ते तुमच्यापुढे. तुम्हीच का? कारण तुम्ही मला ओळखत नाही. पुढच्या रविवारी तुम्ही माझ्या बाकावर येऊन बसणार नाही. भित्रा माणूस कबुलीसुद्धा अनोळखी माणूस गाठून देतो, एवढं माझ्याबद्दल आधीच समजून घ्या.

नाव विजय. नाशकात कोर्टाजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, मृत्युपत्रं — सगळं टाइप करून देतो. मी वकील नाही, पण वकिलांच्या सावलीत इतकी वर्षं बसल्यावर त्यांचा वास अंगाला लागतोच. आमच्या ख्रिस्ती मंडळीत तर कुणाचं कागदाचं काही अडलं की पहिला निरोप मला येतो. ‘विजूला विचारा, त्याला कोर्टातलं कळतं.’ हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

आत्ता जिथे बसून लिहितोय ते घर माझं आहे. घरपट्टी माझ्या नावाने येते, फाटकावर माझी पाटी आहे. शरणपूरच्या बाजूचं बैठं घर, पुढे ओटा, मागे पेरूची दोन झाडं. पुढच्या तीन खोल्या मी पाहुण्यांना देतो. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं द्राक्षमळे बघायला, वाइन प्यायला येतात. त्यांना हॉटेलपेक्षा काहीतरी घरगुती हवं असतं. ओट्यावर पाय पसरून ती म्हणतात, ‘काका, किती शांत वाटतं हो तुमच्याकडे.’ मी चहाचा ट्रे धरून हसतो. तुम्ही ते हसू बघायला हवं होतं. नाही — नकोच. मलाच ते आरशात बघवत नाही.

कारण हे घर एस्तेरआत्याचं. माझ्या वडिलांची थोरली बहीण. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती, लग्न केलं नाही, आणि ह्या घराची वीट न् वीट तिने स्वतःच्या पगारातून रचली. बाप-आजाच्या कमाईचा ह्यात कणही नाही. माझे वडील गेल्यावर तिच्या मागे रक्ताचं असं मी एकटाच उरलो. तिची शिस्त कडक. माझ्या लग्नाच्या जेवणात आचाऱ्यापाशी जाऊन ‘हात धुतलेस का रे?’ असं विचारणारी बाई होती ती. पलंगावरच्या चादरीचे कोपरे असे दुमडायची की त्यावर बसायला भीती वाटे. मला ते कोपरे तिनेच शिकवले. पाहुण्यांच्या पलंगांवर मी आजही तसेच दुमडतो.

दवाखान्यात तिने जन्मभर एक गोष्ट बघितली आणि ती तिच्या मनातून जाईना. पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातून बायका पेशंट घेऊन येतात. लेकरू आत वॉर्डात, आणि आई जिन्याखाली गोणपाटावर — दोन दोन आठवडे. अंघोळ कुठे करायची, लुगडं कुठे वाळवायचं, कुणी विचारायचं नाही. आत्या कधी कधी एखादीला घरी घेऊन यायची. लहानपणी मी एकीला ह्याच ओट्यावर बसलेलं बघितलंय. आत्या तिला आत ये म्हणत होती आणि ती हात जोडून म्हणत होती, “नको बाई, म्या भाईरच निजंन. पोराला तेवढं बघा.” आत्याने तिला दंडाला धरून आत ओढलं होतं.

तर आत्याने ठरवलं होतं, की आपल्यामागे हे घर त्या बायकांसाठी राहील. चार पलंग, एक मोरी, एक चूल. मंडळीतल्या बायकांचं भगिनी मंडळ ते चालवेल. मंडळाच्या अध्यक्ष सरोजबाई — निवृत्त शिक्षिका, आत्याची शाळेपासूनची मैत्रीण. दोघींनी मोरीला किती उंचीवर आडोसा हवा, इथपर्यंत ठरवून ठेवलं होतं.

आता एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. इंग्रजांच्या वेळच्या वारसा कायद्यात एक कलम होतं. ख्रिस्ती माणसाला भाचा-पुतण्या किंवा त्याहून जवळचं कुणी असेल, तर आपली मालमत्ता धर्मादाय कामाला द्यायला त्याला मोकळीक नाही. द्यायचीच असेल तर मृत्युपत्र मरणाच्या निदान वर्षभर आधी केलेलं हवं, आणि केल्यापासून सहा महिन्यांच्या आत सरकारी कचेरीत जमा केलेलं हवं. वर्षाच्या आत डोळे मिटले की दान रद्द, घर वारसाचं. का? तर मरणपंथाला लागलेल्याच्या उशाशी बसून कुणी पाद्र्याने स्वर्गाची भीती घालून सही घेऊ नये म्हणून. शेजारचा हिंदू माणूस स्वतःच्या कमाईचं घर आदल्या दिवशीसुद्धा देवळाला लिहून देऊ शकत होता. आम्हाला मात्र वर्ष जगून दाखवावं लागे. आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हा नियम तोंडपाठ. ‘द्यायचं तर वेळेत लिही बाबा, पुढे वर्ष काढावं लागतं,’ असं आजारी माणसाला भेटायला गेलेले लोकसुद्धा सहज बोलून जात.

आत्याचं मृत्युपत्र मीच टाइप केलं. जुलैच्या अखेरीस तिने सही केली, पुढच्याच आठवड्यात रिक्षातून कचेरीत जाऊन पाकीट जमा केलं, आणि घरी येऊन जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पट्टीने चौकोन आखायला घेतले. दवाखान्यात पेशंटच्या पायथ्याशी तापाचा तक्ता लावतात ना, तसा तक्ता. बारा ओळी, सहीच्या तारखेपासून दिवसाला एक चौकोन. तो पलंगासमोरच्या भिंतीवर लावला. रोज सकाळी उठून एक फुली. कारण तिच्या दोन्ही किडन्या तेव्हाच गेल्या होत्या, आणि नर्स असल्यामुळे आपल्याजवळ किती दिवस आहेत ते तिला डॉक्टरआधी कळलं होतं.

डायलिसिस तिला मनापासून नको होतं. आयुष्यात फार सुया टोचल्या, आता टोचून घ्यायच्या नाहीत, असं ती पूर्वी म्हणायची. पण वर्ष काढायचं होतं. आठवड्यातून तीनदा, चार चार तास. दंडावरची नस दोरखंडासारखी फुगलेली. दिवसाला मोजून दोन पेले पाणी. तहान लागली की बर्फाचा खडा तोंडात धरायची आणि चोखायची. तोंडाला सतत गंजल्यासारखी चव. जेवण समोर आलं की ओकारी. मशीनवरून उठली की पाय असे वळायचे की ती उशी दातात धरायची. आणि घरी आली की मला म्हणायची, “विजू, किती राहिले रे?”

मी तिला न्यायचो-आणायचो. एकही फेरी चुकवली नाही. मंडळीत माझं नाव झालं. भाचा असावा तर असा! उपासना संपली की बायका माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. मी मान खाली घालायचो, आणि त्यांना तो विनय वाटायचा.

आत्या जुलैतच गेली. वर्षाला अकरा दिवस कमी.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी भगिनी मंडळाच्या बायका आल्या. सरोजबाई आणि आणखी तिघी. ह्याच ओट्यावर बसल्या. मी आतून एक जुनं, पिवळं पडलेलं कायद्याचं पुस्तक आणलं. रद्दीवाल्याकडून घेतलेलं, दुकानात कधीचं पडून होतं. ते कलम उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. पानाच्या झेरॉक्स प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या — प्रत्येकीला एक, ‘बारा महिने’ ह्या शब्दांखाली लाल रेघ मारून. मी म्हणालो, माझी फार इच्छा होती, पण कायद्यापुढे माझं काय चालतं?

सरोजबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. मग म्हणाल्या, “अकरा दिवस रे! फक्त अकरा दिवस!” आणि रडायला लागल्या. मीही रडलो. येतं मला तसं रडायला. मग डोळे पुसून त्यांनी एकच विचारलं, “तिला कळलं होतं का रे, राहिलेत ते?”

मी म्हणालो, “नाही. तिला वाटत होतं वर्ष भरलं.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “तेवढं समाधान घेऊन गेली बिचारी.”

हे संभाषणही लक्षात ठेवा. त्यात मी एक अक्षर खोटं बोललेलो नाही.

त्यांच्यातली एक जण चाचरत म्हणाली, की एखाद्या वकिलाला दाखवावं का? तर सरोजबाईच तिच्यावर चिडल्या. विजू काय परका आहे? आणि विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्यावर कोर्टात जावं, हे आपल्याला शोभतं का? लहानपणापासून हेच शिकवलं ना आपल्याला? झालं. भगिनी मंडळाचा ह्या घरावर काही हक्क नाही, असं पत्र मी टाइप करून दिलं आणि चौघींनी सह्या केल्या. जाताना सरोजबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ते पत्र टाइप करताना माझी एकही चूक झाली नव्हती. साधारणपणे पानाला एक-दोन होतात.

इथे थांबलो तर मी कसा दिसतो? लोभी दिसतो. कायद्याने दिलेलं घर सोडवलं नाही, मन मोठं करता आलं नाही, एवढंच ना? असे पुष्कळ असतात. तुम्ही मान हलवून पान उलटाल. इथेच थांबावं असं आत्तासुद्धा वाटतंय, खरं सांगतो. उठून चहा करून आलो मी मध्ये.

तो नियम मेलेला होता.

सुप्रीम कोर्टाने ते कलम कधीच रद्द केलं होतं — आत्याने सही करायच्या कितीतरी वर्षं आधी. एकाच धर्माच्या माणसांवर असं बंधन का, म्हणून. आत्या सही केल्याच्या दुसऱ्या दिवशी गेली असती तरी हे घर त्या डोंगरातल्या बायकांचंच होतं. वर्षाचा प्रश्नच नव्हता. अकरा दिवसांचा नव्हता, अकरा मिनिटांचाही नव्हता. ओट्यावर त्या चौघींपुढे मी जे पान ठेवलं, ते मढं होतं. मी मढ्याच्या हाताने सह्या घेतल्या.

आणि हे मला माहीत होतं का? होतं. ‘त्याला कोर्टातलं कळतं.’ कळत होतंच की!

आता तुम्ही विचाराल, कधीपासून? मला वाटत होतं तुम्ही हे विचारू नये.

सही होऊन दुसरा महिना चालू होता. दुकानात एक वकील कागद टाइप करून घ्यायला बसले होते. मी सहज आत्याची गोष्ट काढली — कौतुकाने काढली हो, म्हातारी कशी जिद्दीने दिवस मोजतेय म्हणून. ते हसले. म्हणाले, “अहो विजयराव, ते कलम केव्हाच उडालं. तुमच्या आत्याला सांगा, निवांत राहा म्हणावं.” आणि त्यांनी ऑर्डरची प्रत पाठवूनही दिली. ती मी वाचली. दोनदा वाचली. इंग्रजी अवघड होतं, पण शेवट समजायला अवघड नव्हता.

त्या दिवशी डायलिसिसचा वार होता. दुकान बंद करून मी थेट तिच्याकडे गेलो, आणि वाटेत मनाशी घोकत होतो — आत्या, ऐक, तुला वर्ष काढायची गरज नाही. बाजार भरतो त्या चौकात सिग्नलला उभा राहिलो. समोर एक बाई मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती. आणि तिथे माझ्या डोक्यात आलं, की नियम गेला हे आत्याला माहीत नाही. सरोजबाईंना नाही. मंडळीत कुणालाच नाही. मग ती वर्षाच्या आत गेली तर?

एवढंच. वाक्य पूर्णसुद्धा केलं नाही मी मनात. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं. सिग्नल सुटला, मी घरी पोचलो, आत्याने विचारलं किती राहिले, आणि मी मोजून सांगितले.

त्यानंतर दहा महिने मी तिला त्या मशीनवर नेऊन बसवत होतो. आठवड्याला तीन फेऱ्या. एक वाक्य बोललो असतो तर ती त्याच दिवशी सुया काढून, पेलाभर गार पाणी पिऊन घरी आली असती. पाणी! तिला काय हवं होतं म्हणता? तांब्याभर पाणी हवं होतं, घटाघटा. मी तिच्या हातात बर्फाचा खडा द्यायचो. ती उशी दातात धरायची तेव्हा मी तिचे पाय चोळायचो, आणि पाय चोळता चोळता भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायचो — अजून किती रिकामे आहेत ते. ती भरावेत म्हणून बघायची, मी भरू नयेत म्हणून. एकाच भिंतीकडे बघत आम्ही दोघं बसलेलो असायचो आणि मंडळीतल्या बायका दारातून बघून म्हणायच्या, किती माया आहे!

मला पैशाची अडचण होती का? नव्हती. स्वतःचा फ्लॅट होता, दुकान चालत होतं, मुलगी नोकरीला लागली होती. निमित्त शोधून बघितलं मी, एकही सापडलं नाही. रक्ताचा एकटा वारस मी, आणि घर जाणार जिन्याखालच्या बायकांना — ह्याचा मला राग होता. तोही धड तोंडावर सांगण्याइतका नाही. इंग्रजांना भीती होती उशाशी बसलेल्या पाद्र्याची. उशाशी बसलेल्या भाच्यासाठी त्यांनी कायदा केला, त्याच्याविरुद्ध नाही. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

अजून एक आहे.

लिहिता लिहिता मघापासून मी ह्याच्या भोवतीच फिरतोय. वरचं सगळं सांगून टाकलं, ते हे सांगावं लागू नये म्हणून, असंही असेल.

वर्षाच्या मध्यापासून आत्याची नजर मंदावत गेली, आणि आठव्या महिन्यात पार गेली. तेव्हापासून तक्त्यावर फुली मीच मारायचो. ती माझ्या मनगटावर हात ठेवून बसायची, पेन हललं की तिला समाधान. जूनच्या शेवटी तिला न्यूमोनिया झाला. बारा दिवस दवाखान्यात होती, बहुतेक वेळ ग्लानीत. काचा बंद, पडदे ओढलेले, दिवस की रात्र ते समजायचं नाही. घरी आणलं तेव्हा तिच्या अंगात काही उरलं नव्हतं, पण पहिला प्रश्न तोच. “विजू, किती राहिले?”

मी तक्ता बघितला. एकोणीस राहिले होते.

ती काढणार होती ते एकोणीस. मला तिचा स्वभाव माहीत होता. दातांनी ओढून काढले असते तिने. आणि ती वर्ष भरून गेली असती तर माझ्या त्या पिवळ्या पुस्तकाचा उपयोग काय होता?

मी म्हणालो, “आत्या, भरलं वर्ष.”

तिने बोटांची पेरं मोजली. मग म्हणाली, “आत्ता तर जून होता ना रे?”

“होता. तू दवाखान्यात होतीस किती दिवस! महिना होऊन गेला.”

“तक्ता आण बघू.”

मी भिंतीवरून तक्ता काढला. तिच्याकडे पाठ करून, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून, उरलेल्या एकोणीस चौकोनांत एकापाठोपाठ एक एकोणीस फुल्या मारल्या. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. पेन चांगलं चाललं, मध्ये कुठे अडलं नाही. मग तो कागद तिच्या मांडीवर नेऊन ठेवला. तिने शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं — डावीकडून उजवीकडे, हळूहळू. जोरात दाबून मारलेल्या फुल्या बोटाला लागतात. कोपऱ्यापर्यंत पोचली आणि हसली. त्या चेहऱ्याचं मी वर्णन करणार नाही. तो माझ्या तोंडून सांगितला जाऊ नये.

“आता पुरे,” ती म्हणाली. “आता ते मशीन नको. मला पाणी दे विजू.”

मी पाणी दिलं. तांब्याभर. ती घटाघटा प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “सरोजला सांग, भरलं म्हणून.”

सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. सरोजबाई भेटायला यायच्या तर त्यांना फाटकातूनच परत पाठवत होतो — डॉक्टरांनी कुणाला भेटू देऊ नका म्हटलंय, छातीचं इन्फेक्शन आहे म्हणून. सातव्या दिवशी आत्याची शुद्ध हरपली, तेव्हा सोडलं त्यांना आत. आठव्या दिवशी ती गेली. तक्ता मी त्याआधीच भिंतीवरून उतरवून ठेवला होता.

आत्याला सांगितलं वर्ष भरलं. बायकांना सांगितलं वर्ष भरलं नाही. आणि असं काही वर्ष मुळात नव्हतंच.

तिला डायलिसिस सोडायचंच होतं, शेवटी सुटकाच झाली ना तिची — असं तुमच्या मनात आलं असेल तर ते काढून टाका. मी स्वतः ते वर्षभर वापरून बघितलंय. सुटका मी तिला दहा महिने आधी देऊ शकत होतो, फुकट, आणि तिचं घर तिच्या बायकांना देऊन. मी ती राखून ठेवली आणि मला सोयीची झाली तेव्हा दिली.

आता? आता काय. आयत्या बिळावर नागोबा बसलाय. दर वर्षी मंडळीत उपकारस्तुतीचा सण होतो. लोक आपल्या घरचं काही ना काही आणून ठेवतात — अंडी, कोंबड्या, पेरू, केक — आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मी आत्याच्या झाडांचे पेरू नेतो. आणि सगळ्यात चढी बोली माझी असते. मागच्या सणाला सरोजबाईंनी आणलेल्या करंज्यांच्या डब्यावर मी बोली वाढवत गेलो, कुणाला थांगच लागू दिला नाही. सगळे टाळ्या वाजवत होते. करून करून भागला नि देवपूजेला लागला! सरोजबाईंनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “एस्तेर असती तर तिला बरं वाटलं असतं.” त्या करंज्या मी खाल्ल्या. सगळ्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

परवा रक्तदाब दाखवायला गेलो होतो. जिन्याखाली एक बाई बसली होती, गोणपाटावर, कठड्यावर ओलं लुगडं वाळत घातलेलं. तिने माझ्याकडे बघून पाय आखडून घेतले, मला जायला वाट दिली. मी गेलो. घरी आलो तर शनिवारच्या पाहुण्यांचा फोन आला, किती खोल्या रिकाम्या आहेत म्हणून विचारायला. मी म्हणालो, तिन्ही.

तक्ता अजून माझ्याजवळ आहे, कपाटात, तिच्या जुन्या गणवेशाच्या घडीत. आज लिहायला बसण्याआधी काढून बघितला. पहिल्या सात ओळींतल्या फुल्या तिच्या हातच्या, एकसारख्या, चौकोनाच्या मधोमध. पुढच्या माझ्या. शेवटच्या एकोणीस एकाच तिरकसपणाने मारलेल्या आहेत, घाईच्या, काही तर रेघेबाहेर गेलेल्या. सरोजबाईंनी कधी बघितला असता तर त्यांना शिक्षिकेच्या नजरेने एका क्षणात कळलं असतं. त्यांनी कधी मागितला नाही.

कागद उजेडात धरला तर मागून त्या फुल्या उमटलेल्या दिसतात, इतक्या दाबून मारल्यात मी. आत्या गेली तेव्हा तिच्या तक्त्यावर एकही चौकोन रिकामा नव्हता.